ऋषिपंचमीला ऑफिसचा मेल उघडायचा असेल तर

सगळ्यात आधी फोन घरी विसरा. एवढं नीट जमलं की पुढचं आपोआप जमत जातं. मी पुण्याहून पहाटेच्या एसटीनं गुहागरला निघालो तेव्हा माझा फोन फ्रीजवर चार्जिंगला लावलेला होता, चांगला शंभर टक्के होऊ दे म्हणून, आणि तो झालाही असणार, मला ते कळलं साताऱ्याच्या स्टँडवर वडापावचे पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा. लॅपटॉप मात्र बरोबर होता. साहेबांना सांगून आलो होतो ना, "गणपतीत गावी आहे सर, पण मेलवर आहे." हे वाक्य तुम्ही पण म्हणत जा, रजा पटकन मंजूर होते.

मग ऋषिपंचमीच्या दिवशी सकाळी, घरात ऋषीची भाजी निवडायला आठ बायका बसलेल्या असताना, लॅपटॉप घेऊन विहिरीवर जा. विहिरीवर का, तर आमच्या वाडीत रेंज तिथेच येते, तीही फक्त पुतण्याच्या सिमला, आणि कपडे धुवायच्या दगडावर लॅपटॉप ठेवला तरच. मेलचा प्रोग्राम उघडा. तो म्हणेल पासवर्ड चुकला. इथे घाबरायचं नाही. तोच पासवर्ड पुन्हा टाकायचा, फक्त यावेळी बटणं जरा जोरात दाबायची. तरी चुकला तर कॅप्स लॉक बघायचं, मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचं, मग पुन्हा तोच टाकायचा.

माझं झालं होतं असं की आमच्या ऑफिसात दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. आठच दिवसांपूर्वी बदलला होता. आधीचा आषाढीवरून होता, म्हणून आताचा बाप्पावरून ठेवला, पण इंग्रजीत बाप्पा लिहिताना पी एक टाकला होता की दोन हे काही केल्या आठवेना. शेवटी ए एक की दोन हाही एक प्रश्न. कॅपिटल अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं आणि अधूनमधून बदलायला हवा, ही सगळी व्रतं अमेरिकेच्या एनआयएसटी नावाच्या सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरली. २०१७ साली, रिटायर झाल्यावर, त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, आणि त्याच वर्षी एनआयएसटीनं पण ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगून टाकलं. आमच्या ऑफिसला हे अजून कळवलेलं नाही. कदाचित मेलनं कळवलं असेल.

बरं तुम्ही इकडे आठवत बसता तोपर्यंत लॅपटॉप स्वस्थ बसत नाही हं. मेलचा प्रोग्राम आत साठवलेला जुना पासवर्ड दर काही मिनिटांनी सर्व्हरला नेऊन दाखवतच असतो, दार वाजवणाऱ्या वर्गणीवाल्यासारखा. त्यामुळे तुम्हाला खरा पासवर्ड आठवेपर्यंत खातं लॉक झालेलं असतं, आणि मग बरोबर पासवर्ड टाकलात तरी तो चूकच म्हणतो. (दोन पी होते. हे मला दुपारी भाजीत कणसाचे तुकडे बघताना आठवलं, का ते विचारू नका.)

आता हेल्पडेस्कला फोन करा. पुतण्याच्याच फोनवरून, अर्थात. ते फार नम्र असतात. तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे सर, खातं अर्ध्या तासात आपोआप अनलॉक होईल, आणि बाकीचे तपशील तुमच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवले आहेत. पासवर्डच बदलायचा असेल तर ऑफिसच्या नेटवर्कवर या किंवा व्हीपीएननं, म्हणजे लांबूनच ऑफिसच्या नेटवर्कात शिरायच्या वाटेनं, जोडा. व्हीपीएनचा पासवर्ड कुठला? तोच. धन्यवाद म्हणा आणि ठेवा.

त्या अर्ध्या तासात तुमच्या घरातला एक इंजिनिअरिंग सेकंड इयरचा मुलगा आपण होऊन पुढे येईल, प्रत्येक घरात एक असतोच, नसेल तर शेजारच्यांचा मिळतो. तो म्हणेल काका, सेटिंग बघू. त्याला बघू द्या. आयमॅप, म्हणजे मेल वाचायची सोय, ९९३ वर आहे का, एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायची, २५ वर असेल तर ५८७ करा, २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे मेलची ये-जा व्हायचं दार, बऱ्याच नेटवर्कवर स्पॅमच्या भीतीनं बंदच ठेवतात. हे सगळं त्याचं बरोबर असतं. फक्त तुमचा आजार तो नसतो. पासवर्ड चुकलेल्या माणसाचं पोर्ट बदलणं म्हणजे किल्ली हरवली म्हणून दाराला रंग देणं, पण मुलगा उत्साहानं करतोय आणि सगळं घर कौतुकानं बघतंय, मग आपण कशाला बोला. शिवाय काम संपल्यावर आधी काय होतं ते त्यानं कुठेच लिहून ठेवलेलं नसतं, म्हणजे आता तुम्हाला एकाऐवजी दोन आजार.

लॅपटॉपचा नाद सोडा आणि माजघरातल्या दादाच्या डेस्कटॉपकडे वळा. दादाकडे वायरचं नेट आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी दोन तास विहिरीवर बसलो होतो ते सगळ्यांनी बघितलं, पण कोणी बोललं नाही, त्यांना वाटलं शहरातली माणसं, बसत असतील विहिरीवर. डेस्कटॉप चालू केला तर कुठलीही साईट उघडली की एकच बोंब, कनेक्शन सुरक्षित नाही. कोपऱ्यात बघितलं तर तारीख १ जानेवारी, साल तर सांगतच नाही, दादाचा थोरला तेव्हा बालवाडीत असेल. आतल्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, तो मेला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर आपली तारीख विसरतो. आणि साईट खरी असल्याच्या तिच्या सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या बिचाऱ्या डेस्कटॉपच्या दृष्टीनं सगळ्या जगाची सर्टिफिकिटं अजून जन्माला यायची होती. सेल शृंगारतळीला घड्याळवाल्याकडे मिळतो. पण सणाला कोण जाणार, हातानं तारीख घाला, साईट उघडेल, तेवढ्यात लाईट जाईल. आली की परत १ जानेवारी. दादा म्हणाला, "मी भरतीओहोटी कॅलेंडरातच बघतो रे, त्यात नाही बघत." मी असं दोनदा नवीन वर्ष साजरं केलं.

मधल्या वेळात मला एक फार हुशार आयडिया सुचली ती पण तुम्ही करून बघा. साहेबांना फोन करून म्हटलं, तुम्ही कामाची फाईल माझ्या घरच्या मेलवर पाठवा, ते जुनं खातं आहे, त्याला ओटीपी-बिटीपी काही नाही. साहेब म्हणाले पाठवली. खातं पहिल्या फटक्यात उघडलं. रिकामं. पुन्हा पाठवली म्हणाले, पुन्हा रिकामं. कारण पुण्यात हॉलमध्ये माझा डेस्कटॉप चालू, त्यावर बाबा पत्ते खेळत बसलेले, आणि ते खातं मी कधीकाळी पॉपवर लावून ठेवलंय. पॉप म्हणजे सर्व्हरवरचा मेल उचलून घरी आणायचा आणि सर्व्हरवरचा पुसून टाकायचा, प्रत तिथे राहू द्या अशी टिकमार्क केली नसेल तर. मी केली नव्हती, सर्व्हरवर जागा वाचते म्हणून. त्यामुळे दर दहा मिनिटांनी माझी फाईल गुहागरवरून हात लावायच्या आत कोथरूडला पोचत होती. मेल सर्व्हरवरच ठेवावा आणि कुठूनही बघावा हा आयमॅपचा विचार मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ सालीच मांडला होता, माझ्यापर्यंत यायला वेळ लागला एवढंच.

आता शेवटचा उपाय, घरी फोन. बाबांचा गुडघा धरलाय म्हणून ते यंदा पुण्यातच होते, आणि माझा फोन त्यांच्यापासून दहा पावलांवर फ्रीजवर. ऑफिसचा मेल पासवर्डच्या जोडीला एक सहा आकडी कोड मागतो, तो त्यातल्या ॲपमध्ये येतो, तो तेवढा वाचून दाखवायचा. इथे मी एक तयारी दोन वर्षं करून ठेवली होती, तुम्ही पण केली असेलच. बाबांना रोज सांगायचो की अनोळखी नंबरवरून कोणी काहीही म्हणू दे, ओटीपी द्यायचा नाही, मी आहे म्हटलं तरी द्यायचा नाही, हल्ली आवाज पण बनवतात.

"बाबा, मी बोलतोय, पुतण्याच्या फोनवरून. फ्रीजवरचा माझा फोन घ्या आणि त्यातला कोड सांगा."

"असं का. आपल्या गावच्या घरामागं झाड कुठलं?"

"रातांबा!"

"तो मागच्या पावसात पडला." फोन कट.

तिसऱ्या वेळी वहिनीला फोनवर घेतलं, गौरीच्या ओवशाच्या सुपाची चौकशी झाली, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. माझ्या मते बँकांनी ही पद्धत घ्यावी. मग चष्मा. मग फोनचा पिन. कोड तीस सेकंदांनी बदलतो, आणि बाबा जुने पोस्टातले, आकडे जोडीनं वाचणार. "लिही. एकोणसत्तर. एकोणऐंशी." एकोणऐंशी म्हणजे सात-नऊ की आठ-नऊ असा विचार करायला शाळेपासून मला चार-पाच सेकंद लागतातच, तेवढ्यात तिकडून, "अरे हे तर बदललं. आता बाराच आलंय पहिलं." असे सात कोड गेले. आठव्याला मी म्हटलं बाबा एकेक आकडा सांगा, ते म्हणाले तुला एवढं पण येत नाही का, पण सांगितले. खातं अनलॉक झालेलं होतं, दोन पी घातले, कोड घातला, दादाच्या डेस्कटॉपवर हिरवी खूण आली आणि खाली ओळ आली की नवीन ठिकाणाहून लॉगिन दिसतंय, तुमच्या फोनवर विचारलं आहे, तिथे हो म्हणा.

बाबा तोवर फोन घेऊन खुर्चीत बसलेच होते. त्यांच्यापुढे काय आलं असेल ते मला नंतर कळलं. दादाच्या नेटवाल्याचा आयपी नंबर, म्हणजे नेटवरचा पत्ता, निघतो भलत्याच शहरातून, त्यामुळे पडद्यावर गुहागर कुठेच नव्हतं.

"अरे ऐकतोयस का," बाबा म्हणाले, "चेन्नईचा कोणीतरी तुझ्या मेलमध्ये शिरत होता आत्ता. तुम्हीच आहात का म्हणून विचारलं. मी नाही दाबलं आणि खातं बंद करा म्हणून पण दाबलं. तू आता निवांत गणपती कर."