पंखा शंभरावर, झाकण उघडं: एका प्रतिक्रियेला उत्तर

छोट्या ग्राफिक्स कार्डाचं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे त्याचा वेग मूळच्यापेक्षा वाढवणं, यावरच्या मागच्या लेखावर ठाण्याच्या एका वाचकांनी खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात अशी: "छोट्या कार्डाचं आधी व्होल्टेज उतरवा, मग मेमरी वाढवा, पंख्याला शेवटी हात लावा, हा तुमचा क्रमच उलटा आहे. ओव्हरक्लॉकिंगच्या नावाखाली अंडरव्होल्टिंग खपवताय. मी देवगडच्या घरच्या पीसीचं झाकण काढलं, पंखा १०० टक्क्यांवर ठेवला, कार्ड ७८ वरून ६६ अंशांवर आलं. खारी हवा, गंज हा निव्वळ बाऊ आहे. ठाण्यातही खाडी आहे, तिथलं माझं कार्ड चार वर्षं मस्त चाललं. एवढीच धास्ती असेल तर एसी लावा." त्यांचं कार्ड म्हणजे लो-प्रोफाइल जीटीएक्स १६५०, चार जीबी जीडीडीआर५ (मेमरीचा एक प्रकार) वालं, ऑफिसमधून निघालेल्या सेकंडहॅण्ड छोट्या डेस्कटॉपमध्ये बसवलेलं.

मे महिन्यात आणि गणपतीत गावी येणाऱ्या बऱ्याच जणांचं म्हणणं असंच असतं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तापमान उतरलं याबद्दल वादच नाही. झाकण काढल्यावर उतरणारच. या कार्डाचा पंखा गरम हवा मागून बाहेर फेकत नाही, तिथेच कॅबिनेटमध्ये सोडतो आणि थोड्या वेळानं तीच परत ओढतो. झाकण गेलं की हे चक्र तुटतं. पण बारा अंश उतरल्यावर फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) किती वाढल्या? तुमच्या प्रतिक्रियेत तापमानाचा आकडा आहे, फ्रेमचा नाही. मला वाटतं तो तुम्ही बघितला असणार आणि लिहिण्यासारखा वाटला नसणार.

कारण ७८ अंशांना तुमचं कार्ड तापमानापायी अडलेलंच नव्हतं. एनव्हीडियाच्या त्या पिढीत तापमानाची नेहमीची मर्यादा ८३ च्या आसपास असते. तुमचं कार्ड अडलंय विजेपाशी. लो-प्रोफाइल १६५० ला वेगळी पॉवर केबल नसते, सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून येते. स्लॉटची मर्यादा ७५ वॅट, त्यातही १२ व्होल्टच्या वाटेनं साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॅट. ही वाट पाच पिनांची. गेम चालू असताना जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि सेन्सर्सच्या पानावर 'परफकॅप रीझन'ची, म्हणजे वेग कशानं अडलाय ते सांगणारी ओळ बघा. तिथे 'पॉवर' दिसत असेल तर पंखा शंभरावर न्या नाहीतर कार्ड बर्फात पुरा, वेग जागचा फारसा हलणार नाही. थोडा हलेल हे खरं, कारण चिप थंड असली की तिची आतली विजेची गळती घटते आणि वाचलेला एखाददुसरा वॅट कामी येतो. पण पंखाही त्याच ताटातलं जेवतो, तो शंभरावर नेलात की त्याचाही वाटा वाढतो.

आता 'खपवण्या'बद्दल. मोठ्या कार्डावर अंडरव्होल्ट (व्होल्टेज उतरवणं) आणि ओव्हरक्लॉक या दोन वाटा असतील, पण वॅटनं बांधलेल्या कार्डावर ती एकच वाट आहे. चिप खाते ती वीज क्लॉकच्या (चिपच्या वेगाच्या) पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.०५ व्होल्टचे ०.९ केलेत तर तेवढ्याच क्लॉकला या हिशेबातली वीज २७ टक्के कमी लागते. ही वाचलेली वीज कार्ड स्वतःहून क्लॉक टिकवायला वापरतं. तुम्ही नुसता कोअरचा (मुख्य चिपच्या वेगाचा) स्लायडर पुढे ढकलता तेव्हा कागदावर क्लॉक वाढतो, आणि जड प्रसंग आला की ७५ वॅटची भिंत लागून परत खाली येतो. याला मी भित्रेपणा म्हणत नाही आणि धाडसही म्हणत नाही, वाया गेलेला वेळ म्हणतो.

करायचं असं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेजची वक्ररेषा उघडा. ०.९ व्होल्टच्या ठिपक्याला कार्ड मुळात किती मेगाहर्ट्झ देतं ते लिहून ठेवा. तो ठिपका १५-१५ च्या पायरीनं वर चढवा आणि त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच्याच उंचीवर सपाट करा. साठ-पंचाहत्तर मेगाहर्ट्झ बहुतेक कार्डं सोसतात, तुमचं कुठे मोडतं ते तुम्हीच शोधायचं. आणि हे भर दुपारी, खोली तापलेली असताना तपासा. पहाटेच्या गारव्यात टिकलेली सेटिंग वैशाखात दगा देते, कारण गरम चिपला तेवढ्याच क्लॉकसाठी जास्त व्होल्टेज हवं असतं.

मेमरीत मात्र खरी मलई आहे, आणि तिचा तुम्ही उल्लेखही केला नाहीत. तुमच्या कार्डाची मेमरी ८ जीबीपीएसची (दर वाटेनं सेकंदाला ८ गिगाबिट), बस म्हणजे डेटाचा रस्ता १२८ बिटचा, म्हणजे सेकंदाला १२८ जीबी. पुढे याच नावाचं जीडीडीआर६ वालं कार्ड आलं, त्याला १९२ मिळतात. आफ्टरबर्नरमध्ये मेमरीला ५०० वाढवलेत की तुमचे १४४ होतात, साडेबारा टक्के जास्त. विजेचा खर्च त्या मानानं किरकोळ. एक सावधगिरी: जीडीडीआर५ वाहतुकीतली चूक पकडते आणि तो डेटा पुन्हा पाठवते. त्यामुळे अती झालं तरी पडद्यावर लगेच ठिपके येतीलच असं नाही, आधी चाचणीतला स्कोअर उतरतो. मेमरी वाढवूनही फ्रेम घटल्या तर दोन पायऱ्या मागे या. 'काही दिसत नाही म्हणजे चालतंय' हे इथे खरं नाही.

आता बाऊ. ठाण्याची खाडी आणि देवगडजवळच्या कुणकेश्वरची लाट यांत फरक आहे. हवेत मीठ चढतं ते फुटणाऱ्या लाटेतून, आणि पहिल्या काही शे मीटरांत ते झपाट्यानं कमी होतं. खाडीकाठी लाटच फुटत नाही. तुमचं ठाण्यातलं कार्ड चार वर्षं चाललं यात नवल नाही, आणि त्यावरून देवगडच्या घराबद्दल काही सिद्धही होत नाही.

किनाऱ्यालगतच्या एका ओळखीच्या स्टुडिओतलं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारं कार्ड मी खोललं होतं. तेही असंच, झाकण काढून ठेवलेल्या पीसीतलं. पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेला तांबूस करडा थर होता, आपल्या जांभ्याच्या धुळीचा. पण तो ब्रशनं झडेना. बोट फिरवलं तर ओलसर, चिकट लागला. हीटसिंकच्या (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांवर टोकांना पांढरी भुकटी धरली होती, आणि सगळ्यात जास्त कुठे, तर चिपवर टेकणारा तांब्याचा गोल ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात दाबून बसवलेला असतो त्या सांध्यात. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले, वर खाऱ्या पाण्याचा पापुद्रा, मग ॲल्युमिनियम खाल्लं जातं. उष्णतेचा रस्ता नेमका त्याच सांध्यातून जातो. तिथे क्षार बसले की चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट कितीही भारीतली लावा, फायदा नाही.

मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं ते साधारण ७५ टक्के आर्द्रतेला. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्याही बरंच आधी ओलावतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवा कुठे असते ते तुम्हाला सांगायला नको. (दमट हवेनं कार्ड जास्त तापतं असंही कुणीतरी लिहिलं होतं. तसं नाही. आपल्याला उकडतं कारण घाम वाळत नाही, हीटसिंकला घाम येत नाही.)

गंमत अशी की चालू कार्डाला हा त्रास जवळजवळ नसतो. ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांच्या पट्टीला लागली की तिथली आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास येते, पट्टी कोरडी ठणठणीत. गंज चढतो तो मशीन बंद असताना. आणि चाकरमान्यांचा पीसी नेमका गणपतीनंतर झाकला जातो तो एकदम शिमग्याला उघडतो. शंभर टक्के पंख्यानं सुट्टीभर मीठ गोळा करायचं आणि मग महिनोन् महिने ते तिथेच भिजत ठेवायचं, याहून वाईट योजना मला तरी सुचत नाही. झाकण बंद ठेवा, हवा आत येते तिथे बारीक जाळीचा फिल्टर लावा, तो धुवा. घरी कुणी राहत असेल तर पावसाळ्यात रोज तासभर पीसी चालू ठेवायला सांगा, वीज चमकत असेल तेव्हा सोडून.

एसीचा उपाय तर देवगडात उलटा पडू शकतो. खोली २२ अंशांवर आणलीत, पीसी बंद केलात, एसी बंद केलात आणि खिडक्या उघडल्यात. बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी धरायला लागतं ते) जूनमध्ये २५ च्या घरात असतो. त्या हवेला २२ अंशांचा धातू मिळाला की त्यावर पाणी धरणारच. एसी लावायचाच तर पीसी गरम असेपर्यंत खिडक्या उघडून मोकळे व्हा, नाहीतर रात्रभर बंदच ठेवा.

साफ करताना बरेच जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. मीठ त्यात फारसं विरघळत नाही, फक्त इकडचं तिकडे होतं. हीटसिंक आणि पंखा सुटा करून आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरनं मऊ ब्रशनं बोर्ड धुवा, मग अल्कोहोलनं ते पाणी काढा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, नवी पेस्ट लावा. विहिरीचं पाणी नको, त्यातही क्षार असतात.

आणि स्लॉटची मर्यादा फसवायला शंट रेझिस्टरवर (कार्ड किती वीज ओढतंय ते मोजणाऱ्या भागावर) सोल्डरचा डाग द्यायचे व्हिडिओ बघून कुणी त्या नादाला लागू नये. जास्तीची वीज ज्यांतून जाणार त्या पाच पिना ऑफिसच्या जुन्या मदरबोर्डवर आहेत.

तुमच्याच पीसीवर एकदा करून बघा: झाकण बंद, पंखा ६० टक्के, ०.९ व्होल्टची सपाट रेषा, मेमरी अधिक ५००. मग झाकण उघडं, पंखा १००, बाकी सगळं मूळचं. दोन्ही वेळा तोच गेम, तोच भाग. आकडे पाठवलेत तर इथेच खाली छापतो, माझ्या विरुद्ध गेले तरी. फक्त फ्रेमसोबत खोलीचं तापमानही लिहा, सकाळचा एक आणि दुपारचा एक आकडा लावून तुलना होत नाही.