विटेवरची खूण

एकादशीच्या आदल्या रात्री घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आला. पेरू देशाच्या किनाऱ्यावर पाराकासच्या टेकडीत कोरलेली ती तीन फाट्यांची आकृती, जवळजवळ 180 मीटर उंच. खाली लाल अक्षरांत मजकूर: सुग्रीवाने वानरांना खूण म्हणून सांगितलेला तीन फांद्यांचा सुवर्णताड तो हाच, इंका म्हणजे मूळचे आपलेच सूर्यवंशी, अभिमान असेल तर पुढे पाठवा. पाठोपाठ सतरा नमस्कार आणि कुणीतरी चुकून टाकलेला वाढदिवसाचा केक.

काका वाचणारे गृहस्थ आहेत, म्हणून मी उत्तर लिहायला बसले. ते इतकं लांबलं की ग्रुपवर टाकलं असतं तर उद्याच्या फराळाचं आमंत्रण रद्द झालं असतं. म्हणून इथे टाकतेय.

आधी साधा हिशोब. त्या आकृतीपाशी सापडलेली खापरं इ.स.पू. 200 च्या सुमाराची आहेत. पेरूच्या डोंगरांतून साम्राज्य उभारणाऱ्या इंकांची गोष्ट सुरू होते ती साधारण इ.स. 1438 ला, त्यांच्या राजधानीवर, कुस्कोवर, शेजारच्या चांका टोळ्या चालून आल्या तेव्हा. म्हातारा राजा विराकोचा पळाला, धाकट्या मुलाने शहर राखलं आणि पाचाकुती, म्हणजे जग उलथवणारा, असं नाव घेऊन गादीवर बसला. पुढे मुलगा तुपाक, नातू वायना कापाक, आणि 1532 च्या नोव्हेंबरात काहामार्काच्या चौकात 168 स्पॅनिशांनी इंका राजा अताहुआल्पाला धरलं की खेळ खलास. साम्राज्य जेमतेम चौऱ्याण्णव वर्षांचं. आमची पणजी त्याहून जास्त जगली.

मग आधीची चार हजार वर्षं तिथे कोण होतं? हा प्रश्नच कुणी विचारत नाही, आणि माझी खरी चिडचिड त्यावर आहे. इंकांच्या माचू पिचूसमोर सेल्फी काढून आलेल्यांनाही काराल ठाऊक नसतं.

काराल लिमाच्या उत्तरेला, सुपे नदीच्या कोरड्याठाक खोऱ्यात आहे. इ.स.पू. 2600 च्या आसपास, म्हणजे आपल्याकडे मोहेंजोदडो नांदत होतं तेव्हा, इथे दगडी पिरॅमिड उभे होते. मातीचं मडकं मात्र एकही नाही, कारण ती कला तिथे अजून आलीच नव्हती. पिकवायचे कापूस. त्याची जाळी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना द्यायची आणि बदल्यात सुकवलेली मासळी घ्यायची. ही मासळी म्हणजे अँचोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातली. रुथ शेडी या पुरातत्त्वज्ञ बाईंनी तिथे खणायला सुरुवात केली, तर एका जागी पक्ष्यांच्या हाडांच्या 32 बासऱ्या निघाल्या.

मला आवडते ती त्यांची बांधायची तऱ्हा. गवताच्या दोरांची जाळीदार पिशवी विणायची, त्यात दगड भरायचे आणि पिशवीसकट भिंतीच्या पोटात टाकून द्यायचं. भूकंपाच्या प्रदेशात भराव सैल राहतो, हलतो, पण ढासळत नाही. याच पिशव्यांच्या गवतावरून 2001 साली शहराचं वय काढता आलं. पिशवीचं नाव शिक्रा. (हात जोडते, याचं 'शिंकं' करून नवा फॉरवर्ड काढू नका.)

नंतर डोंगरात चाविन संस्कृती आली. तिथल्या देवळाच्या अंधाऱ्या भुयारांत शंख फुंकायचे, आणि ते शंख दूरच्या उबदार समुद्रातून आणलेले. मग उत्तर किनाऱ्यावर मोचे लोक. त्यांच्या राजधानीतला सूर्याचा पिरॅमिड कच्च्या विटांचा आहे, अंदाजे तेरा कोटी विटांचा. आता यातली एक वीट डोळ्यांसमोर आणा. साच्यातून काढलेली, अजून ओली, आणि वर कुणीतरी बोटाने खूण केलेली: कुठे ठिपके, कुठे रेघ, कुठे पावलाचा ठसा. अशा शंभराहून जास्त वेगवेगळ्या खुणा सापडल्या. ज्या त्या गावाने आपल्या वाट्याच्या विटा मोजून द्यायच्या, त्याची ती पावती असावी असं अभ्यासक म्हणतात. एका खुणेच्या विटा एका पट्ट्यात, दुसरीच्या शेजारच्या पट्ट्यात. सतराव्या शतकात सोन्याच्या हावेपायी स्पॅनिशांनी नदीचं पात्र वळवून या पिरॅमिडवर घातलं आणि त्याचा मोठा भाग वाहून गेला. उरलं तेही डोंगराएवढं आहे.

इंका आले ते या सगळ्यावर. रस्ते? त्यांच्या आधी पाच-सहाशे वर्षं वारी नावाचं राज्य होऊन गेलं (आपली वारी नव्हे, काका), त्यांनीही डोंगरांतून रस्ते काढले होते. डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेती वारींकडेही होती. दोऱ्याला गाठी मारून हिशोब ठेवायचे खिपूसुद्धा वारींकडे होते, रंगीत धागे गुंडाळलेले. त्यांचं पिकिलाक्ता हे आखीवरेखीव शहर कुस्कोपासून 30 किलोमीटरवर आहे, इंकांच्या अगदी अंगणात. 1470 च्या सुमाराला उत्तर किनाऱ्यावरचं चिमूंचं राज्य जिंकल्यावर इंकांनी तिथले सोनार कुस्कोला नेले. आज इंकांचं म्हणून जे सोनं डोळे दिपवतं, त्यात या सोनारांचे हात किती, विचार करा.

आणि चुन्यो! तितिकाका तलावाच्या बाजूला, 3,800 मीटर उंचीवर, जून-जुलैच्या रात्री कडाक्याची थंडी पडते. बारके बटाटे उघड्यावर पसरायचे. रात्री गोठतात, दिवसा उन्हात सुटतात. तीन-चार दिवसांनी बायाबापे अनवाणी पायांनी ते तुडवतात, पाणी पिळून निघतं, सालं सुटतात, मग परत उन्हात. राहतो तो काळपट, खडखडीत, वर्षानुवर्षं टिकणारा बटाटा. थोडक्यात, वाळवण. आपण गच्चीवर करतो ते ऊन वापरून, त्यांनी पहाटेचं हिवही कामाला लावलं. इंकांची फौज या वाळवणावर चालली. कोचाबांबाच्या एका टेकडीवर त्यांच्या कोठारांच्या 2,400 गोल जोत्यांच्या रांगा आहेत. पण तुडवायची युक्ती राजाच्या डोक्यातून निघालेली नव्हती, ती तिथल्या शेतकऱ्यांकडे पूर्वापार होती.

इंका थोर नव्हते असं मी म्हणत नाही. चाक नाही, लोखंड नाही, घोडा नाही, आणि तीस हजार किलोमीटरहून लांब रस्त्यांचं जाळं बांधून कोट्यभर लोकांना एका शिस्तीत आणलं. ठरावीक अंतरावर कोठार आणि मुक्कामाची जागा, निरोप घेऊन धावणारे चास्की. विखुरलेलं सगळं एका दोरीत ओवणं ही कमाल त्यांचीच. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांनी गोष्ट अशी पसरवली की आमच्या आधी इथले लोक जनावरांसारखे गुहांत राहत, सूर्याने आमचा पहिला राजा मांको कापाक याला पाठवलं तेव्हा माणसात आले. इंका राजघराण्यातल्या आईचा मुलगा गार्सिलासो, त्याने 1609 साली हीच गोष्ट स्पॅनिशमध्ये छापली आणि युरोपने ती खरी धरली.

त्या देशातली माणसं मात्र फसली नव्हती. 1549 च्या सुमाराला सिएसा दे लेओन नावाचा स्पॅनिश शिपाई तितिकाकाजवळच्या तिवानाकू या जुन्या शहराच्या अवशेषांपाशी पोचला. ते अजस्र दगड बघून त्याने विचारलं, हे इंकांनी बांधलं का? गावकरी हसले. म्हणाले, त्यांच्या कितीतरी आधीचं आहे. त्याने ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. मला ते हसू फार जवळचं वाटतं. साहेब फीत कापायला येतो तेव्हा मागे उभे असलेले गवंडी असेच हसत असतील.

पुढे श्रेय लुटायला नवे लोक आले. 1968 साली एका स्विस लेखकाने पेरूच्या नास्का वाळवंटात जमिनीवर आखलेल्या प्रचंड चित्रांच्या रेघा परग्रहवासीयांच्या नावे लावल्या. वरचे काळपट दगड बाजूला केले की खालची फिकट जमीन दिसते, तंत्र एवढंच. 1982 साली केंटकीत जो निकेल नावाच्या माणसाने घरच्या मोजक्या माणसांना घेऊन, खुंट्या आणि दोरीच्या जोरावर नास्कातला गिधाडासारखा पक्षी मूळ आकारात शेतात आखून दाखवला, 440 फुटांचा. परग्रहावरून कुणाला बोलवावं लागलं नाही. खरं आश्चर्य त्याच नास्कात जमिनीखाली आहे: वाळवंटात पाणी आणणारे पुकिओ, गोल गोल उतरत जाणाऱ्या विहिरींसारखे, त्यातले काही आजही शेताला पाणी देतात. पण त्यावर फॉरवर्ड येत नाही.

आणि आता आपण. सुग्रीव, सूर्यवंशी, पुढे पाठवा. काका, तुम्ही चाळीस वर्षं बँकेत होतात. दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम आपल्या नावावर वळती केली तर त्याला काय म्हणतात, हे मी तुम्हाला काय सांगणार?

बरं, नातं जोडायचीच हौस असेल तर सोपं आहे, उद्याच्या ताटात बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. पेरूत सिपानला 1987 मध्ये जे मोचे राजाचं थडगं मिळालं, त्यात राजाच्या गळ्यात शेंगदाण्यांची माळ होती, अर्धी सोन्याची, अर्धी चांदीची. बटाटा तितिकाकाच्या बाजूचा. मिरची, रताळं, राजगिरा, सगळे समुद्रापलीकडून आलेले. आपली म्हणावी तर वरी आणि शिंगाडा. ज्यांच्या आकृतीवर आपण हक्क सांगतोय, त्यांच्या शेतावर आपला उपास चालू आहे.

एवढं लिहून शेवटचा परिच्छेद तेवढा ग्रुपवर टाकला. काकांचं उत्तर पाच मिनिटांनी आलं: 'म्हणजे इतकी वर्षं आमचा उपास मोडत होता म्हण की!' मी काही लिहिणार तोच काकूंचा मेसेज: 'साबुदाणा भिजवून झालाय. ज्याला वरी हवी त्याने आपली आपण करावी.'

त्यावर मात्र एकही नमस्कार आला नाही.