‘भेसळ’ म्हणालात, म्हणून एवढं लिहितोय

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. सुट्टीला गुहागरला आलात आणि आमच्याकडून नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. दोन तारे दिलेत, तेही मान्य. पण ‘आयुर्वेदाच्या नावावर भेसळीचं आर्गन तेल विकतात, बूच उघडलं की भाजक्या शेंगदाण्याचा वास येतो’ हे वाक्य वाचलं आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आमचा धंदा दिवाळी ते मे. त्यावर पावसाळा काढायचा. अशात तेलाच्या दुकानाला भेसळवाला म्हणणं म्हणजे काय, ते आमचं आम्हालाच माहीत.

ताई, तुमच्या केसांना लावलं ते तेल वेगळं आणि तुम्ही हुंगलंत ते वेगळं. ‘हे पोटात घेता येतं का’ असं तुम्हीच विचारलंत, म्हणून मी वरच्या फळीवरची खाण्याच्या आर्गनची बाटली खाली काढून दाखवली. मी पावती फाडायला वळलो, तेवढ्यात तुम्ही बूच काढून बोट बुडवलंत, मिस्टरांच्याही नाकाला लावलंत. तो खमंग वास त्या बाटलीचा. आर्गन म्हणजे मोरोक्कोतल्या आर्गन झाडाच्या बियांचं तेल. खाण्याचं आर्गन बिया भाजून काढतात, त्यामुळे रंग गडद आणि वास उग्र. त्वचेचं आणि केसांचं कच्च्या बियांचं असतं. ते फिकं असतं आणि वास अगदी हलका, चोळल्यावर थोड्या वेळात जाणारा. मालिशच्या खोलीत तीच बाटली होती. मालिश करणाऱ्या आमच्या ताई तिथेच होत्या, त्यांना विचारा. अजिबात वास नसलेलं आर्गनही बाजारात मिळतं, पण त्याचा वास कारखान्यात काढून टाकलेला असतो. वास नाही म्हणजेच शुद्ध, हा हिशोब लावला तर आमच्या घाण्यावरचं खोबरेल पहिलं नापास होईल!

‘50 मिलीला 900 रुपये, लूट आहे’ असंही लिहिलंत. आर्गनचं झाड मूळचं नैऋत्य मोरोक्कोतलं. फळ वाळवायचं, सोलायचं, आतली टणक कवची दगडावर ठेवून फोडायची. हे काम तिकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हाताने करत आल्यात, 2014 साली युनेस्कोने त्या कलेची वारसा म्हणून नोंद केली. एका लिटरला 30 किलोच्या वर फळं लागतात. काजूबी फोडणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचे हात ज्याने पाहिलेत, त्याला हे वेगळं सांगायला नको. त्यात तिथून इथवर येईतो मधल्या प्रत्येकाचा वाटा. आमच्या हाती उरतं ते सांगितलं तर तुम्ही हसाल.

आर्गन आयुर्वेदात कुठे आहे, हा तुमचा प्रश्न मात्र योग्य. चरक-सुश्रुतात ते नाही आणि आहे असं आम्ही कधी म्हटलेलं नाही. अभ्यंगाला मुख्य तिळाचंच तेल. सूनबाई बीएएमएस आहे, ती कोरड्या, राठ केसांना खोबरेलात थोडं आर्गन मिसळून देते, कोंडा असेल तर देतच नाही. बाहेरून आलेलं द्रव्य गुण पाहून वापरायची रीत नवी नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात फिरंग रोगावर (म्हणजे उपदंशावर) चोपचिनी ही मुळी सांगितली आहे, तीही परदेशातूनच आली होती. आणि टाचेच्या भेगांना सूनबाई आर्गन नाही, आपलं मुठेलच (कोकमाच्या बियांचं तेल) देते. तुम्हालाही तेच दिलं होतं, 60 रुपयांत. ते अभिप्रायात आलं नाही, असो.

‘तासभर बसवून ठेवलं’ याबद्दल एवढंच: वेळ अकराची होती, तुम्ही अडीचला आलात, तेही सुरमईची थाळी जेवून. भरल्या पोटी अभ्यंग करत नाहीत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघायचा असतो, तेही तुम्हाला आवडलं नाही.

आठ दिवसांत केस गळायचे थांबले नाहीत म्हणता. आर्गनने केस मऊ होतात, कमी तुटतात. मुळातून गळणं थांबेल असं आमच्या तोंडून गेलेलं नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या असं सूनबाईने कागदावर लिहून दिलं होतं, तेवढं मात्र जरूर करा.

खाण्याची बाटली आता कपाटात कुलपात ठेवली आहे. लेबलं मोठ्या अक्षरांत करायचंही चाललंय, छापणाऱ्याकडून आली की लावू. बसायच्या जागी पंख्याचं बघतो.

तुमच्याकडची बाटली अर्धी संपली असली तरी कुरिअरने पाठवा, पूर्ण पैसे परत करतो. तारे दोनच राहू देत. तेवढा ‘भेसळ’ हा शब्द काढता आला तर बघा.