धुऱ्यावर बसलेली आजी

आत्ताच समाजमंदिरातून घरी आले. हातपाय धुतले, पण डोकं शांत होत नाही. लिहिल्याशिवाय आज झोप येणार नाही.

आज २१ सप्टेंबर, जागतिक शांतता दिन. गावात कार्यक्रम होता, विषय 'समाजसुधारक स्त्रिया आणि विश्वशांती'. परवापासून गटाच्या बायांना निरोपावर निरोप. निंदणाची मजुरी बुडवून बाया आल्या. सतरंज्या आम्ही टाकल्या, रांगोळी आम्ही काढली, पाहुण्यांना ओवाळलं आम्हीच. स्टेजवर सहा खुर्च्या, सहाही पुरुष. दीड तास भाषणं. मुख्य वक्ते म्हणाले, स्त्री मुळातच कोमल आणि सहनशील, म्हणून ती शांतीची देवता. मग आभार झाले आणि बायांना चहा वाटायला उठवलं. एकाही बाईच्या हाती माइक आला नाही.

सहनशील म्हणे!

माझी आजी सहनशील नव्हती. तोंडाची तिखट, गावात दोन माणसं तिला टरकून असायची. मी नऊ वर्षांची असताना बाबा आणि काकांची धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, जुंपली. मे महिना, वखरणी सुरू. काकांनी वखराच्या दोन ओळी धुऱ्यात घातल्या, असं बाबांचं म्हणणं. काका म्हणत होते, धुरा आधी तुम्हीच कोरला. दोघांनी बंडीच्या उभाऱ्या उपसल्या. कोणीतरी पळत घरी सांगायला आलं. आजीने विळा उचलला, वावरात गेली आणि नेमकी त्या धुऱ्यावर जाऊन बसली. "आता माह्यावरून वखर फिरवा," एवढंच बोलली.

तीन दिवस बसली. शिदोरी मी न्यायची. भाकर, चून, कांदा.

आज वक्त्यांनी अमेरिकेच्या समाजसुधारक जेन ॲडम्सचं नाव घेतलं. १९३१ चं शांततेचं नोबेल सांगितलं आणि लगेच पुढचं नाव. अहो, ती बाई करत काय होती ते सांगा ना! शिकागोच्या गरीब वस्तीत १८८९ पासून राहायला गेलेली. वस्तीतला कचरा कोणी उचलत नाही म्हणून भांडली आणि १८९५ मध्ये स्वतः तिथली कचरा निरीक्षक झाली. पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरायची. याच बाईने १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, हेग शहरात भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेचं अध्यक्षपद घेतलं. बारा देशांतल्या हजारावर बाया, त्यात एकमेकांशी लढणाऱ्या देशांतल्याही. परिषद संपल्यावर त्या घरी नाही गेल्या. युद्ध करणाऱ्या सरकारांच्या दारात जाऊन म्हणाल्या, थांबवा. त्यांची टिंगल झाली. पुढे अमेरिका युद्धात उतरली तरी ॲडम्स विरोधातच राहिली, तेव्हा तिच्याच देशातल्या लोकांनी तिला देशद्रोही ठरवलं. यात कोमल काय आहे?

आजीलाही फुकटात नाही मिळालं काही. काकू दोन वर्षं तिच्याशी बोलली नाही. बाबा म्हणायचे, आईने धाकट्याची बाजू घेतली. काका म्हणायचे, थोरल्याची. मध्ये बसणाऱ्याला दोन्हीकडून बोल बसतात.

आणि दूर कशाला जायचं! निर्मलाताई देशपांडे आपल्या नागपूरच्या, जन्म १९२९ चा. १९५२ मध्ये विनोबांच्या भूदान पदयात्रेत गेल्या आणि आयुष्यभर चालतच राहिल्या. पंजाब पेटलं तेव्हा तिथे, काश्मीर पेटलं तेव्हा तिथे. २००८ मध्ये गेल्या तोवर भारत-पाकिस्तानातली माणसं एकमेकांशी बोलावीत म्हणून झटत होत्या. आमच्या गावाहून पवनार एका एसटीवर आहे. तिथे १९५९ पासून विनोबांचा ब्रह्मविद्या मंदिर आश्रम बायाच चालवतात, शेती-स्वयंपाकापासून सगळं स्वतःच्या हाताने. आजच्या दीड तासात निर्मलाताईंचं नाव नाही, पवनारचंही नाही. याचा राग नाही येणार तर काय येणार?

बरं, वक्त्यांचा अभ्यास होता, एकही साल चुकलं नाही, ते मान्य. आणि बाई म्हणजे शांती असंही नाही. म्यानमारच्या आंग सान सू ची शांततेचं नोबेल मिळवलेल्या बाई, त्याच २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या खटल्यात हेगच्या न्यायालयात आपल्या लष्कराची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. मान्य. पण मग जन्मजात कोमलतेच्या गोष्टी तरी सांगू नका ना. शांतता म्हणजे निंदणासारखं अंग मोडणारं काम आहे, आणि काम करणारीला बोलू द्यायला पाहिजे. शांततेच्या चर्चेत बायांना बसवा, हे सांगायला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला २००० साली ठराव करावा लागला, १३२५ क्रमांकाचा. तो आमच्या समाजमंदिरापर्यंत अजून पोचायचाय.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. आजीच आठवते आहे. बसल्या बसल्या ती रिकामी नव्हती. विळ्याने धुऱ्यावरचा कुंदा, ते चिवट गवत, काढत होती, बोटभर खोल विळा घालून. टाचांच्या भेगांत काळी माती वाळून बसलेली. तिसऱ्या दिवशी सांजेला काका पाण्याचा लोटा घेऊन आले आणि काही न बोलता खाली बसून कुंदा उपटू लागले. थोड्या वेळाने बाबाही. तो धुरा अजून तसाच आहे. बाबा गेले, काका थकले, पण तिथे वखर कोणी घालत नाही.

कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना गटातल्या एका काकूंनी विचारलं, "बाई, त्या बाहेरदेशातल्या बायाइनं केलं काय पण?" मी त्यांना आफ्रिकेतल्या लायबेरियाचं सांगितलं. १४ वर्षं धुमसणारं यादवी युद्ध. लेमा बोवी नावाची समाजसेविका, युद्धात पोळलेल्या पोरांसोबत काम करणारी. २००३ मध्ये तिच्यासोबत ख्रिस्ती आणि मुसलमान बाया पांढरे कपडे घालून मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसल्या, उन्हात, पावसात. घाना देशातल्या अक्रा शहरात युद्ध थांबवायच्या वाटाघाटी लांबत चालल्या तेव्हा तिथे जाऊन सभागृहाच्या दारातच ठाण मांडलं. करार केल्याबिगर कोणी बाहेर जायचं नाही.

काकूंच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. "म्हंजे तुह्या आजीसारखं? धुऱ्यावर बसल्या थ्या?"

हाव म्हटलं.

"मंग? झाल्या सह्या?"

झाल्या, काकू. १८ ऑगस्टला झाल्या.

"मंग हे माइकवर कोनं सांगतलं नाही काहून?"

शुक्रवारी चार वाजता गटाची बैठक आहे, माझ्या ओसरीत. पहिल्यांदा काकूच बोलणार आहेत.