ते ५० मिलिसेकंद गेले कुठे?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: केव्हीएमच्या (लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन व्यवस्थेच्या) गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल यंत्रात, प्रीएम्प्ट-आरटी (रिअल-टाइम) कर्नल टाकला, गेस्टला 'आयडल=पोल' (रिकामा असतानाही झोपू नको) लावलं, होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्रावर, व्हीसीपीयूच्या (गेस्टच्या आभासी प्रोसेसरच्या) थ्रेडला फिफो ९९, म्हणजे सर्वोच्च रिअल-टाइम प्राधान्य, दिलं. सायक्लिकटेस्टची (ठरल्या वेळी जागं व्हायला किती उशीर होतो ते मोजणाऱ्या चाचणीची) सरासरी ६० मायक्रोसेकंद आली. कमाल ५० हजारांच्या आसपास दिसली, पण तो अपवाद. मग होस्टला हात लावायचा माझा आग्रह कशाला?

तो अपवाद नाही, दर सेकंदाला येणारा हप्ता आहे. हिस्टोग्राम (कोणता उशीर किती वेळा आला त्याचा आलेख) उघडून पाहा. आयडल=पोलमुळे गेस्ट रिकामा असतानाही व्हीसीपीयू सतत पळतो. होस्टला दिसतो तो अखंड चालणारा एक आरटी थ्रेड, आणि होस्टच्या 'शेड_आरटी_रनटाइम_यूएस'चं (आरटी थ्रेडना किती वेळ चालू द्यायचं त्या मर्यादेचं) मूळ मूल्य आहे दर १० लाख मायक्रोसेकंदांत ९,५०,०००. उरलेले ५० मिलिसेकंद होस्ट त्याला थांबवतो. तुमची सरासरीही तेच सांगते: १ मिलिसेकंदाच्या अंतराने सेकंदाला साधारण ९५० नमुने, त्यात एक ५० हजारांचा. तेवढ्यानेच सरासरी ५०-५२ ने फुगते. बाकीचे नमुने ८-१० मायक्रोसेकंदांचेच असणार. म्हणजे तुमचा गेस्ट उत्तम आहे. गेस्टमधलं प्राधान्य होस्टच्या शेड्युलरला (कोणता थ्रेड कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या भागाला) दिसतच नाही, एवढंच.

ते मूल्य -१ केलं की थ्रॉटलिंग, म्हणजे ही सक्तीची थांबणूक, थांबतं (होस्टचा लिनक्स कर्नल ६.१२ किंवा नवा असेल तर हेच काम फेअर सर्व्हर, म्हणजे साध्या थ्रेडना वाटा राखून देणारी यंत्रणा, करतो; तो डीबगएफएस या कर्नलच्या डीबग फाइलप्रणालीतून त्या कोअरपुरता बंद करावा लागतो). पण आत्ता लगेच करू नका! फिफो ९९ वरचा न थांबणारा थ्रेड त्या कोअरवरच्या होस्टच्या कर्नल थ्रेडना उपाशी ठेवेल; आरसीयू स्टॉलचे (कर्नलचं अंतर्गत काम अडल्याचे) इशारे येतील, मग यंत्रच अडकेल. आधी आयसोलसीपीयूज, नोहर्ट्झ_फुल आणि आरसीयू_नोसीबीज या कर्नलच्या बूट पर्यायांनी कोअर मोकळा करा, आयआरक्यू (हार्डवेअरचे इंटरप्ट) दुसरीकडे वळवा, व्हीसीपीयू तिथे पिन करा (त्याच कोअरला बांधा), क्यूईएमयूचे (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामचे) इम्युलेटर थ्रेड वेगळ्या कोअरवर ठेवा. गेस्टची मेमरी लॉक करा (डिस्कवर जाऊ देऊ नका). मग फिफो १ द्या. मोकळ्या कोअरवर ९९ ची गरजच नसते. गेस्टचा व्हीसीपीयू ० घरकामाला ठेवा, आरटी काम १ पासून पुढे.

व्हीएममध्ये रिअल-टाइम जमतं, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. नीट जुळवलेल्या यंत्रावर कमाल दोन आकडी मायक्रोसेकंदांत राहते. तरीही एखादा उंच काटा उरलाच, तर होस्टवर 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट' (हार्डवेअरमुळे होणारा उशीर शोधणारं साधन) चालवा: बायोसचे एसएमआय (कर्नलला न विचारता प्रोसेसर थांबवणारे इंटरप्ट) कुठलाच कर्नल अडवू शकत नाही. आणि पुढची सायक्लिकटेस्ट होस्टच्या इतर कोअरवर ताण टाकून किमान १२ तास चालवा. तो हिस्टोग्राम इथे टाकलात तर बघायला आवडेल.