सहा वर्षे रखडलेला गेम चांगलाच निघतो, हे कोणी ठरवले?

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने एक लांबलचक मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिले, 'मामा, हे वाच आणि मग नाही म्हणून दाखव.' तो पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या २१ ऑक्टोबरला, म्हणजे २०२५ च्या ऐन दिवाळीत, प्रसिद्ध होणाऱ्या 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स २' या गेमची सर्वांत महाग आवृत्ती त्याला आगाऊ विकत घ्यायची आहे. त्यासाठी त्याने मेसच्या पैशांतून काही रक्कम बाजूला काढली आहे आणि उरलेली मी द्यावी अशी त्याची अपेक्षा आहे. हाच मजकूर मला त्याआधी आणखी दोघांनी पाठवला होता आणि मी तो दोन्ही वेळा पुसून टाकला होता. आता तो घरातच शिरल्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

मजकुरातील दावे थोडक्यात असे आहेत. सहा वर्षे लांबलेला हा गेम उत्तमच असणार, कारण 'उशिरा आलेला गेम शेवटी चांगला ठरतो, घाईने आलेला मात्र कायमचा वाईट राहतो' असे 'मारिओ'चे जनक शिगेरू मियामोतो यांनी सांगून ठेवले आहे. पहिला भाग केवळ दुर्दैवाने पडला. आत्ताच आगाऊ नोंदणी केली नाही तर, आपल्या पात्रासाठी निवडता येणारी व्हॅम्पायरांची दोन कुळे कायमची हातची जातील. आणि शेवटी, व्हॅम्पायर म्हणजे मुळात आपला वेताळच असल्यामुळे हा गेम 'आपला' आहे.

मियामोतोंच्या नावावरच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. हे वाक्य त्यांनी कोठे आणि कधी उच्चारले याचा मूळ दाखला आजवर कोणीही दाखवलेला नाही. याच अर्थाची वाक्ये अमेरिकेतील गेम-उद्योगात गेल्या शतकाच्या अखेरीस फिरत होती आणि पुढे केव्हातरी ती एका मोठ्या माणसाच्या नावावर जमा झाली. आपल्याकडे कोणतेही चटपटीत वाक्य चाणक्याच्या नावावर खपवतात, त्यातलाच हा प्रकार. पण ते खरोखर मियामोतोंचे आहे असे क्षणभर धरून चालू. त्याने ते खरे ठरते का? 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' १९९७ साली जाहीर झाला, २०११ साली आला आणि चौदा वर्षे वाट पाहणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. 'सायबरपंक २०७७' एकट्या २०२० सालात तीनदा पुढे ढकलला गेला आणि तरीही डिसेंबरमध्ये अशा अवस्थेत बाहेर पडला, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. पुढे दोन-तीन वर्षे दुरुस्त्या होत होत तोच गेम चांगला झाला. म्हणजे वाक्याचा पूर्वार्धही कोसळला आणि उत्तरार्धही.

उत्तरार्ध कोसळण्यासाठी खरे तर इतक्या दूर जाण्याची गरजच नाही. ज्या गेमचा हा पुढचा भाग आहे, तो पहिला 'ब्लडलाइन्स'च घाईने आलेल्या गेमचे ठळक उदाहरण आहे. ट्रॉइका गेम्स या लहानशा अमेरिकी कंपनीने बनवलेला हा गेम १६ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आला, तेव्हा तो अर्धाकच्चा होता. मूळ आवृत्तीत लिओपोल्ड सोसायटीच्या टप्प्यापाशी पोहोचले की गेम बंद पडत असे आणि दुरुस्ती मिळेपर्यंत गोष्ट तिथेच थांबत असे. फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीच बंद झाली. आता मजकुराच्या न्यायाने हा गेम 'कायमचा वाईट' राहायला हवा होता. प्रत्यक्षात जर्मनीतील एका रसायनशास्त्रज्ञाने, ज्याचा ट्रॉइकाशी नोकरीचाही संबंध नव्हता, त्यातील चुका निस्तरायला घेतल्या आणि चाहत्यांच्या मदतीने ते काम पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवले. आज हा गेम खेळणारा जवळजवळ प्रत्येक जण ती अनधिकृत दुरुस्ती आधी बसवतो.

आणि तरीही लोक तो का खेळतात, हे ज्यांनी 'ओशन हाउस हॉटेल' पाहिले आहे त्यांना विचारावे. तुम्ही स्वतः व्हॅम्पायर आहात, माणसाचे रक्त पिऊन जगता, सगळ्यांनी तुम्हाला घाबरावे अशी योजना आहे. अशा तुम्हाला सँटा मोनिकातील एका जळक्या, ओसाड हॉटेलात एक वस्तू आणायला पाठवले जाते. तिथे मारायला एकही शत्रू नाही. दिवे फुटतात, डोक्यावरचे झुंबर निखळते, स्वयंपाकघरातील भांडी आपोआप अंगावर येतात, आणि हातातल्या शस्त्राचा काडीचाही उपयोग नसतो. माल्केव्हियन कुळ निवडले तर तुमचे पात्र वेडसर असते आणि रस्त्यावरच्या 'थांबा' या पाटीशी हुज्जत घालते. हे लिहिणारे हात चांगले होते, मात्र त्यांना वेळ मिळाला नाही. गेमची लायकी घड्याळावर ठरत नाही, एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 'सहा वर्षे घडवलेला गेम' हे शब्द वाचून मला सर्वाधिक चीड आली, कारण ते सरळसरळ खोटे आहेत. त्यासाठी कोणा जाणकाराची साक्ष काढण्याची गरज नाही, प्रकाशक असलेल्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या स्वीडिश कंपनीची जाहीर निवेदने पुरेशी आहेत. मार्च २०१९ मध्ये गेम जाहीर झाला तेव्हा तो सिअ‍ॅटलची हार्डसूट लॅब्स ही कंपनी बनवत होती, पहिल्या भागाचे लेखक ब्रायन मिट्सोडा कथा लिहीत होते आणि मार्च २०२० ही प्रकाशनाची वेळ सांगितली होती. ती टळली. ऑगस्ट २०२० मध्ये मिट्सोडांना काढण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅराडॉक्सने स्वतःच कळवले, की हार्डसूट लॅब्स यापुढे हे काम पाहणार नाही, आगाऊ विक्री थांबवली जात आहे आणि गेम त्या वर्षी येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कळले की काम आता ब्रायटनच्या द चायनीज रूमकडे आहे.

या बदलात केवळ पाटी बदलली नाही. हार्डसूटच्या गेममध्ये तुम्ही नुकतेच व्हॅम्पायर झालेले, पातळ रक्ताचे, कोणाच्या खिजगणतीत नसलेले पात्र होता. द चायनीज रूमच्या गेममध्ये तुम्ही फायर नावाचे शतकभर झोपून जागे झालेले, सामर्थ्यवान, जुने व्हॅम्पायर आहात आणि तुमच्या डोक्यात फेबियन नावाच्या एका माल्केव्हियन गुप्तहेराचा आवाज बोलतो. सिअ‍ॅटल शहर तेवढे राहिले, पण कथा वेगळी, नायक वेगळा आणि खेळण्याची चौकटही वेगळी. चुलीवर सहा वर्षे एकच पातेले रटरटत होते असे नाही. मध्येच ते उतरवले, आचारी बदलला आणि दुसऱ्याच पदार्थाची फोडणी घातली. २०१९ साली आपण ज्याची वाट पाहू लागलो तो गेम आलाच नाही आणि येणारही नाही. जो २१ ऑक्टोबरला येतो आहे त्याच्या वाट्याला ही सहा वर्षे आलेलीच नाहीत, मग त्यांचे श्रेय त्याला कसे द्यायचे? नव्या कंपनीला मी कमी लेखत नाही. तिचा गेल्या वर्षीचा, समुद्रातील तेलफलाटावर घडणारा 'स्टिल वेक्स द डीप' मी दिवे घालवून खेळलो आहे आणि वातावरण उभे करण्यात तिचा हात धरणारे थोडेच आहेत. पण त्या गेममध्ये लढाई जवळजवळ नाही, आणि इथे लढाई हाच मोठा भाग असल्याचे आतापर्यंतच्या चित्रफितींवरून दिसते. ती कशी जमली आहे, हे खेळल्याशिवाय भाच्यालाही कळणार नाही आणि मजकूर लिहिणाऱ्यालाही.

दोन कुळांचा दावा सर्वांत हानिकारक आहे, कारण त्यात कोणाच्या तरी खिशातले पैसे जातात. लासोम्ब्रा आणि टोरिअडोर ही कुळे वेगळे पैसे मोजणाऱ्यांनाच मिळणार, असे ऑगस्टमध्ये जाहीर झाले होते हे खरे. टोरिअडोर तर २००४ च्या गेममध्ये सात कुळांपैकी एक म्हणून सगळ्यांनाच मिळत होते, त्यामुळे चाहते खवळले आणि ते योग्यच होते. पण या सप्टेंबरच्या मध्यात पॅराडॉक्सने माघार घेतली आणि दोन्ही कुळे साध्या आवृत्तीतच देण्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या भीतीपोटी माझा भाचा मेसचे पैसे वळवू पाहतो आहे, ती भीती मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच शिळी झाली होती. शिवाय हा गेम संगणकावर उतरवून घ्यायचा आहे. त्याच्या प्रती काही हापूसच्या पेट्यांसारख्या संपत नाहीत.

पहिला भाग दुर्दैवाने पडला, या दाव्यात अर्धे तथ्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. तो ज्या दिवशी आला त्याच दिवशी 'हाफ-लाइफ २' आला, आठवडाभर आधी 'हेलो २' आला होता आणि आठवडाभराने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' येणार होता. अशा गर्दीत कोणाचाही आवाज दबला असता. मात्र ट्रॉइकाने 'हाफ-लाइफ २' बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे सोर्स इंजिन, म्हणजे गेम ज्याच्या आधारे चालतो ती तयार प्रणाली, वापरले होते आणि 'हाफ-लाइफ २'च्या आधी ते वापरलेला गेम बाजारात आणण्याची मुभा नव्हती. करारात लिहिलेल्या अटीला दुर्दैव म्हणता येत नाही.

वेताळाविषयी फार लिहीत नाही. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळपंचविशीच्या कथा इंग्रजीत आणताना पुस्तकाच्या नावातच वेताळाला 'व्हॅम्पायर' केले, त्यामुळे घोटाळ्याला जुना आधार आहे. पण विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ रक्त पीत नाही, आणि कोकणात व गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या भाच्याने तरी हे वाक्य पुढे पाठवायला नको होते. या गेममधील व्हॅम्पायर आपली वंशावळ बायबलमधील काईनपर्यंत नेतात, त्यात आपल्याला वाटा मागण्याचे कारण नाही.

भाच्याला मी एवढेच कळवले आहे, की आगाऊ नोंदणीसाठी माझ्याकडून एक रुपयाही मिळणार नाही. गेम येतो त्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे आणि ताई त्याला त्या संध्याकाळी संगणकापुढे बसू देईल ही शक्यता नाहीच. तोवर परीक्षणे येतील, त्याने ती वाचावीत. २३ तारखेला मी भाऊबीजेला ताईकडे जाणारच आहे. परीक्षणे बरी असतील तर साध्या आवृत्तीचे पैसे मी देईन आणि पहिला तास मी खेळेन, ही माझी अट त्याने अजून मान्य केलेली नाही.