ग्लो, ग्लू आणि ग्लूम : त्या 'गुरुकिल्ली'वाल्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्यापासून सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला एकटीलाच तो पाच जणांनी पाठवला, आणि पाचही जणांनी खाली लिहिलंय, "ताई, मुलांना हे शिकवा की, किती सोपंय." मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं की इंग्रजी शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं सारखी असली की अर्थ पण एकाच जातीचा असतो. जी-एल आलं की उजेड, एस-एन आलं की नाक, आय-एन नाहीतर यू-एन आलं की नकार, पेड आलं की पाय, मॅन आलं की माणूस. अशा पंचवीस सुरुवाती पाठ करा, हजारो शब्द आपोआप येतील, डिक्शनरी लागणारच नाही.

मी सांगलीतच विश्रामबागला आठवी ते बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. पोरं बहुतेक मराठी मीडियमची, काही तासगाव-कवठेमहांकाळकडनं रोज एसटीनं येणारी. या पोरांना एखादी युक्ती सांगितली की ती ती मनापासून पाळतात, पेपरात पण वापरतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

पहिला दावा, जी-एल म्हणजे उजेड. सगळ्या मेसेजमध्ये ह्याच दाव्यात सगळ्यात जास्त दम आहे, ते आधी मान्य करते. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर, ग्लिंट, ग्लेअर, सगळे चमकणारे. हे काय आजचं निरीक्षण नाही, जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते, १९२०च्या दशकात लाहोरला पंजाब युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवायचे, त्यांनी १९३० साली अशा अर्थाचा वास असलेल्या अक्षरजोड्यांना एक नाव पण दिलं, फोनेस्थीम. २००४ मध्ये बेंजामिन बर्गेन या भाषाशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्यांना आधी असा एक शब्द दाखवला तर त्याच गटातला दुसरा शब्द ते जरा लवकर ओळखतात. म्हणजे जोडी डोक्यात असते, यात वाद नाही.

पण ज्याला सगळे शब्द आधीच येतात त्याच्या डोक्यात ती जोडी असते! आपल्या पोराला शब्दच येत नाहीत, तो उलट्या बाजूनं चाललाय, अक्षरावरून अर्थ काढायला. त्याच्यासमोर ग्लू येणार म्हणजे डिंक, ग्लोव्ह येणार म्हणजे हातमोजा, ग्लोब, ग्लटन म्हणजे खादाड, आणि ग्लूम म्हणजे चक्क अंधार, उदासी. ग्लँड म्हणजे ग्रंथी, तो लॅटिनमधल्या ओकच्या फळाच्या नावावरून आला कारण गाठ तशी दिसते. ग्लुकोज ग्रीकमधल्या गोड या शब्दावरून, ग्लॉसरी ग्रीकमधल्या जिभेवरून. यातल्या एकाचाही उजेडाशी संबंध नाही आणि दहावीच्या पोराला यातले निम्मे तरी भेटतातच, सायन्सच्या पुस्तकात तर नक्कीच.

आता गंमत बघा. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लास हे शब्द खरंच नातेवाईक आहेत, भाषांचा इतिहास अभ्यासणारे त्यांना चमकणे-पिवळं असणे अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूपर्यंत, म्हणजे शब्दाच्या मुळापर्यंत, नेतात. आणि त्याच धातूतून इंग्रजीत गोल्ड आला, यलो आला, आणि आपल्याकडं संस्कृतात हिरण्य म्हणजे सोनं, हरि म्हणजे पिवळा, त्याच्यावरून हरिद्रा आणि हरिद्रेची झाली हळद. आपल्या मार्केट यार्डात जिचे सौदे होतात, जिला २०१८ साली सांगलीची हळद म्हणून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, ती. म्हणजे ग्लोचं खरं नातं हळदीशी आहे, शेजारी बसलेल्या ग्लूशी नाही. यलो वायनं सुरू होतो, गोल्ड जी-ओनं, हळद ह-नं, तरी सगळे एका घरातले, आणि ग्लो-ग्लू एकाच बाकावर बसून एकमेकांचे कुणी नाहीत. हे वर्गात फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा पोरं जेवढी गप्प बसली तेवढी वर्षात कधी बसली नव्हती.

दुसरा दावा एस-एनचा. स्नोअर, स्निफ, स्नॉट, स्नाउट, बरोबर, नाकच. पण स्नो, स्नेक, स्नेल, स्नॅक? यातलं नाक कुठलं? शिंकेचा स्नीझ तर आधी एस-एननं सुरूच होत नव्हता, जुन्या इंग्रजीत तो एफ-एननं सुरू व्हायचा, नंतर ती जोडी इंग्रजीतून गेली आणि हा शब्द नाकवाल्यांच्या घरात राहायला आला. एवढं पुरे, हा दावा फार महत्त्वाचा नाही कारण याच्यानं फारसं कुणाचं नुकसान होत नाही.

नुकसान तिसऱ्यानं होतं. आय-एन म्हणजे 'नाही'. इनकरेक्ट, इनअॅक्टिव्ह, इथंपर्यंत ठीक. आमच्या वर्गात कुपवाडचा एक मुलगा आहे, वडील एमआयडीसीत पेंटिंगच्या कामावर आहेत. पंधरा दिवसांपूर्वी मी इन्फ्लेमेबल हा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्यानं लगेच हात वर केला, "मॅडम, इन म्हणजे नाही, फ्लेम म्हणजे ज्वाळा, म्हणजे न जळणारं." त्या मेसेजच्या हिशोबानं त्याचं उत्तर शंभर टक्के बरोबर. मी विचारलं कुठं बघितलायस हा शब्द, तर म्हणाला थिनरच्या डब्यावर, आणि डबा घरात शेगडीच्या कट्ट्याखाली असतो. माझ्या पोटात गोळाच आला.

इन्फ्लेमेबल म्हणजे झटकन पेट घेणारं. हायवेला पेट्रोलच्या टँकरमागं लिहिलेलं असतं ते हेच. लॅटिनमध्ये इन दोन होते, एक नकाराचा आणि एक 'आत'चा. इन्फ्लेमेबलमधला इन हा आतला, पेटवून देणे या क्रियापदातला. दिसायला दोघं जुळे, कामं वेगळी. आणि हा घोळ फक्त आपल्या पोरांचा होतो असं समजू नका, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा पण होतो, म्हणून तर विसाव्या शतकात अमेरिकेत आगीच्या सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी इन काढून टाकून नुसतं फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. आज दोन्ही शब्द चालतात, दोन्हींचा अर्थ एकच, पेट घेणारं. त्या मुलाला मी त्याच दिवशी घरी फोन करायला लावला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, पप्पांनी डबा बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवला.

नकाराचा इन असला तरी सुटका नाहीच. इन्व्हॅल्युएबलचा अर्थ दहातली आठ पोरं 'किंमत नसलेलं, निकामी' असा लिहितात. अर्थ आहे अनमोल. अन आणि मोल, मराठीत आपण अगदी तसंच केलंय की, मोल करता येत नाही एवढं मौल्यवान. हा नकाराचा इन, इंग्रजीचा स्वतःचा अन आणि आपला संस्कृतातला अन् हे तिघं खरेच भाऊ, ते जरूर शिकवावं. पण पुढचा शब्द वाचल्याशिवाय तो नकार कशाला चिकटलाय ते कसं कळणार?

यू-एनचं पण तेच, अनहॅपी ठीक, पण युनिफॉर्म आणि युनिक हे लॅटिनमधल्या 'एक'वरून, आणि अंकल तर लॅटिनमध्ये फक्त आईच्या भावाला म्हणायचे, म्हणजे आपला मामा, काकाला तिकडं वेगळा शब्द होता.

चौथा दावा, पेड म्हणजे पाय. पेडल, पेडिक्युअर, पेडेस्ट्रियन, हे लॅटिनमधल्या पायावरून आले, बरोबर. पण हा मेसेज लिहिणारा माणूस मिरजेत एकदा तरी चालत फिरला असता तर बरं झालं असतं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि तिथं पेडियाट्रिक लिहिलेले बोर्ड मोजता येणार नाहीत एवढे. पेडियाट्रिशियन म्हणजे लहान मुलांचा डॉक्टर. तो पेड ग्रीकमधला, मूल या अर्थाचा. काही बोर्डांवर पी-नंतर ए-ई असतं, काहींवर नुसता ई, पहिलं ब्रिटिश स्पेलिंग, दुसरं अमेरिकन. त्या ए-ईनं हा ग्रीक पेड लगेच ओळखू यायचा, अमेरिकन स्पेलिंगनं ती खूण पुसली आणि मूल-पाय एकसारखे दिसायला लागले.

बरं, ऑर्थोपेडिक? हाडांचा डॉक्टर, तिथं तर पाय असेल असं सगळ्यांना वाटतं, मलाही कॉलेजात वाटायचं. तिथंही मूलच आहे. निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १७४१ साली हा शब्द बनवला, ऑर्थो म्हणजे सरळ आणि पेड म्हणजे मूल, लहान मुलांची वाकडी वाढ सरळ करायचं शास्त्र. त्यांच्या पुस्तकातलं वाकडं झाड, काठीला दोरीनं बांधलेलं, आजही हाडांच्या डॉक्टरांचं बोधचिन्ह म्हणून दिसतं, पुढच्या वेळी मिरजेला गेलात की बोर्डावर नीट बघा. आणि फक्त पायाचा जो डॉक्टर असतो तो पोडियाट्रिस्ट, पी-ओ-डी.

लॅटिनमधला तो पेड आपल्या पाद-पाऊलचा सख्खा चुलत, आणि इंग्रजीचा अस्सल फूट पण त्याच घरचा. संस्कृतातला प इंग्रजीत फ होऊन येतो, पितृचा फादर, पंचचा फाइव्ह, पादचा फूट, जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ साली हा नियम नीट मांडला. मेसेजवाल्याला खरंच नाती शिकवायची होती तर ही शिकवायची होती. पण यात पहिलं अक्षरच बदलतं ना, मग त्याची गुरुकिल्ली चालणार कशी!

मॅनबद्दल जास्त लिहीत नाही. मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट, मॅनेजर हे सगळे लॅटिनमधल्या हातावरून, माणसावरून नाहीत, मॅनेज तर इटालियनमध्ये आधी घोडा हाताळण्यासाठी वापरायचे. मँगो दक्षिणेतल्या 'मांगा' म्हणजे आंबा या शब्दावरून पोर्तुगीजांबरोबर गेला आणि मँडरिन, म्हणजे जुन्या चीनमधला बडा अधिकारी, आपल्या मंत्रीवरून.

राहिला शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट दावा, की यानंतर डिक्शनरी लागत नाही. ओ दादा, डिक्शनरी तर यानंतरच लागते. सुरुवातीवरून अंदाज बांधा, मी स्वतः बांधायला सांगते, टेलिफोन-टेलिस्कोपमधला टेली म्हणजे दूर हे प्रत्येकाला यायलाच पाहिजे, पण अंदाज पेन्सिलीनं लिहायचा आणि शब्द पूर्ण वाक्यात वाचून, डिक्शनरीत बघून मगच पेनानं. मुलं अर्ध्या शब्दावर थांबायला शिकली की ती अर्ध्या वाक्यावर पण थांबतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

हे सगळं सांगून झाल्यावर वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मराठीत पण असं असतं का?" तिच्या घरी तासगावकडं बेदाण्याची शेड आहे. मी म्हटलं तूच सांग, बे म्हणजे काय. बेकार, बेघर, बेरोजगार, म्हणजे 'नसलेला', ती म्हणाली. मग बेदाणा? थोडा वेळ विचार करून तिनंच सांगितलं, "दाणा नसलेला. मॅडम, आमच्या द्राक्षांत बी नसतीच की!" बरोबर, फारसीतला बे आणि दाणा, बी नसलेला. जन्मापासून शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या मुलीला तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा उघडून दिसला, तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर ती यादी घेऊन आली. एका बाजूला बेकार, बेघर, बेदाणा, बेइमान, बेफिकीर. दुसऱ्या बाजूला बेडूक, बेसन, बेट, बेल. मधे रेघ मारलेली, आणि रेघेवरच एक शब्द, बेत, त्याच्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.